डेकवर दहा, खाली एकशे सत्तर: ग्रीक युद्धनौकेवरची माणसं आणि त्यांची हत्यारं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रीक आणि इराणी ताफ्यांत झालेल्या सलामिसच्या समुद्री लढाईवर (इ.स.पू. 480) कादंबरीतलं एक प्रकरण लिहायचं आहे. प्रत्येक अथेनियन नौकेवर तीस-चाळीस चिलखती सैनिक, हातात तलवारी, खाली साखळदंडात जखडलेले गुलाम आणि त्यांच्या पाठीवर चाबूक, हे चित्र बरोबर आहे का? नायक या सैनिकांपैकी एक, वय वीस. त्याची भरती कशी झाली असेल, अंगावर काय असेल?

वय बरोबर आहे. बाकी जवळजवळ सगळं बदलावं लागेल.

मी नौदलातून निवृत्त झालेला माणूस. उमेदवारीच्या काळात पाच वल्ह्यांचा व्हेलर, म्हणजे लहानशी उघडी होडी, वल्हवण्याच्या शर्यतीत हाताला फोड आणलेले आहेत, आणि निवृत्तीनंतर गेली बरीच वर्षं जुन्या नौकांचा अभ्यास करतो, शिकवतो. ग्रीक नौकेबद्दल कुणी विचारलं की मी आधी त्या व्हेलरची आठवण सांगतो. नाळेवरचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरचा, एक पोरगा विनाकारण उभा राहिला की होडी एका बाजूला कलते, त्या बाजूची वल्ही पाण्यात खोल जातात, दुसऱ्या बाजूची हवेत फिरतात आणि होडी हाकणारा कॉक्सन शिव्या घालतो. एका माणसाने एवढं होतं. सलामिसच्या नौकांवर सैनिक किती आणि का, याचं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

ट्रायरीम, म्हणजे ग्रीकांची 'त्रिएरेस', ही लांब, अरुंद आणि हलकी नौका. 1987 साली ग्रीसमध्ये 'ऑलिंपियास' नावाची तिची पूर्ण आकाराची प्रतिकृती पाण्यात उतरवली. लांबी सुमारे 37 मीटर, रुंदी साडेपाच, रिकामी असताना वजन साधारण 25 टन. तिच्यात 170 वल्हेकरी बसले आणि थोडा वेळ का होईना, तिने ताशी 9 नॉटच्या आसपास वेग गाठला. आता हिशेब करा. चिलखत, ढाल, भाल्यासकट एक सैनिक 90 किलो धरला तर चाळीस जणांचे साडेतीन टनांहून जास्त झाले, आणि हे वजन तळात नाही, पाण्यापासून वर, डेकवर. त्यात ती माणसं उठणार, धावणार, एका कडेला गोळा होणार. खालच्या 170 जणांची लय गेलीच म्हणून समजा.

आणि लय गेली की हत्यार गेलं, कारण अथेन्सच्या नौकेचं खरं हत्यार तिच्या नाळेला होतं: पाण्याच्या रेषेवर पुढे आलेली, ब्राँझने मढवलेली धडकसोंड. इस्रायलमधल्या अटलिटजवळ 1980 साली समुद्रात अशी एक सोंड सापडली, 465 किलोची. ती नंतरच्या काळातल्या मोठ्या नौकेची, ट्रायरीमची याहून लहान असायची. पण त्या ओतकामाकडे पाहिलं की यात किती पैसा आणि कसब होतं ते कळतं. शत्रूच्या कुशीत ती घुसवायची, लगेच उलटी वल्ही मारून मोकळं व्हायचं आणि पुढच्या सावजाकडे वळायचं. आपल्याकडे आंग्र्यांच्या गलबतांचा डाव नेमका उलटा होता: जवळ भिडायचं आणि माणसं शत्रूच्या जहाजावर चढवायची. तिथे माणसांची गर्दी उपयोगाची. अथेन्सच्या डेकवर ती अडचण होती.

म्हणून आकडा लहान. डेकवरच्या सैनिकाला ग्रीकमध्ये 'एपिबातेस' म्हणतात, म्हणजे सरळ अर्थाने 'वर चढलेला', अनेकवचन 'एपिबाताई'. ग्रीसमधल्या त्रोइझेन गावी 1959 साली एक शिलालेख उजेडात आला. अथेन्सचा नेता थेमिस्तोक्लेस याने इ.स.पू. 480 साली (पुढची जुनी सालंही इसवी सनापूर्वीचीच) काढलेला भरतीचा ठराव म्हणून तो कोरलेला आहे. अक्षरं मात्र दोनेकशे वर्षांनंतरची, त्यामुळे मूळ मजकूर कितपत तसाच राहिला यावर विद्वानांत भांडणं आहेत. त्यात प्रत्येक नौकेवर वीस ते तीस वयाचे 10 एपिबाताई आणि 4 तिरंदाज सांगितले आहेत. नंतरच्या काळातला चरित्रकार प्लुटार्क सलामिसच्या वर्णनात 18 म्हणतो, त्यातले 4 तिरंदाज. मी तुमच्या जागी असतो तर दहा आणि चार मिळून 14 धरले असते. पुढच्या, अथेन्स आणि स्पार्टाच्या गटांतल्या पेलोपोनेशियन युद्धात दहाचाच आकडा पुन्हा दिसतो: 426 साली एटोलियाच्या मोहिमेत अथेनियन सेनापती देमोस्थेनेसबरोबर 30 नौकांचे 300 एपिबाताई होते.

तुमच्या डोक्यातला चाळीसचा आकडा पूर्ण चुकीचा नाही, फक्त तो अथेन्सचा नाही. 494 साली लादेच्या लढाईत खिओस बेटाच्या 100 नौकांवर प्रत्येकी 40 निवडक नागरिक होते, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. क्षर्यर्षाच्या, म्हणजे इराणी सम्राट झेर्क्सिसच्या नौकांवर तर स्थानिक सैनिक होतेच, शिवाय प्रत्येकीवर 30 पर्शियन, मीड किंवा शक चढवलेले. एक कारण लढाईचं. दुसरं, माझ्या मते, फिनिशियन आणि आयोनियन खलाशांवर नजर ठेवण्याचं. तेव्हा तुमच्या प्रकरणात गर्दीचं डेक शत्रूचं दाखवा. दुसरा ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस सांगतो की त्या काळच्या अथेनियन नौकांना अजून सलग डेक नव्हतं. म्हणजे तुमचा नायक ऐसपैस फळ्यांवर उभा नाही, मध्ये मोकळी जागा सोडलेल्या अरुंद पट्टीवर आहे, आणि वाकून पाहिलं तर खाली वल्हेकऱ्यांची डोकी दिसतात. डेक रुंद करून जास्त सैनिक बसवायचं काम पुढे अथेनियन सेनापती किमोनने केलं, एवरिमेदोनच्या लढाईच्या वेळी.

याच किमोनची एक गोष्ट वापरता आली तर वापरा. शहर सोडून जहाजांवर चढा असं थेमिस्तोक्लेसने सांगितलं तेव्हा लोक बिचकले. किमोन तेव्हा तरुण, श्रीमंत घरचा, घोडेस्वार. तो मित्रांना घेऊन अक्रोपोलिसवर गेला, घोड्याचा लगाम देवी अथेनाला वाहिला, तिथे टांगलेल्या ढालींपैकी एक उचलली आणि समुद्राकडे चालू लागला. आता घोड्यांचं काम नाही, हे त्याने एकही शब्द न बोलता सांगितलं.

आता अंगावर काय ते पाहू. एपिबातेस हा जमिनीवरचाच होप्लाइट, म्हणजे ढाल-भाल्याचा पायदळ सैनिक, खास 'नौदलाचा गणवेश' असा प्रकार नाही. आणि तेव्हा शस्त्रं ज्याची त्याने आणायची. सर्वांत महत्त्वाची ढाल, 'अस्पिस': लाकडी, गोल, खोलगट, सुमारे 90 सेंटिमीटर व्यासाची, सहा-सात किलोंची. मधल्या पट्ट्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि कडेची मूठ धरायची. भाला दोन-अडीच मीटरचा. कमरेला आखूड सरळ तलवार, 'झिफोस', पण ती भाला मोडल्यावरची सोय. तुमच्या मसुद्यात सगळे तलवारी उपसून उभे आहेत. त्यांच्या हाती भाले द्या. शिरस्त्राण कोरिंथियन धाटणीचं, गालापर्यंत येणारं. ते ओढून घेतलं की ऐकू कमी येतं आणि नजर समोरच राहते. लढाई नसताना ते कपाळावर मागे सरकवून ठेवत, मातीच्या भांड्यांवरच्या चित्रांत असे कितीतरी योद्धे दिसतात. तुमच्या नायकालाही शेवटच्या क्षणापर्यंत तसंच ठेवू द्या, कारण त्याला सुकाणूवाल्याची हाक ऐकायची आहे. छातीला ब्राँझचं चिलखत किंवा कापडाचे थर चिकटवून केलेलं; वीस वर्षांच्या मध्यम घरातल्या मुलाला दुसरं शोभेल.

लांबलचक 'नौकायुद्धाचे भाले' होमरमध्ये आहेत, एजॅक्सच्या हातात तर 22 हात लांबीचा. हेरोडोटसने ते 480 सालच्या इजिप्शियन सैनिकांच्या हाती दिले आहेत, सोबत मोठाल्या कुऱ्हाडी आणि विणलेली शिरस्त्राणं. इराणी ताफा म्हणजे हत्यारांचं प्रदर्शनच होतं: फिनिशियनांची तागाची चिलखतं आणि फेकभाले, लिशियनांच्या खांद्यावर बकऱ्याची कातडी, डोक्याला पिसांच्या टोप्या, हातात विळ्यासारख्या तलवारी. रंग भरायचे तर तिकडे भरा.

फेकून मारायच्या हत्यारांना मात्र कमी लेखू नका. सलामिसमध्येच एक प्रसंग घडला. सामोथ्रेसची एक नौका, इराण्यांच्या बाजूने लढणारी, एका अथेनियन नौकेला धडकून बुडवते. तेवढ्यात ग्रीकांच्या बाजूच्या एजिना बेटाची नौका येऊन तिला धडकते. सामोथ्रेसची नौका बुडू लागते, पण तिच्यावरचे लोक फेकभाल्यात तरबेज. त्यांनी भाल्यांचा मारा करून एजिनाच्या डेकवरचे सगळे सैनिक पाडले आणि बुडत्या नौकेवरून उडी मारून तीच नौका ताब्यात घेतली. लढाईत एवढी उलथापालथ दोन-चार मिनिटांत होते, तुम्हाला वेगळी कल्पना लढवायची गरजच नाही.

फेकण्याला एक अट होती: बसून फेकायचं. उभं राहिलात तर तोल जातो, तुमचाही आणि नौकेचाही. 413 साली सिसिलीतल्या सिराक्यूजच्या बंदरात अडकलेल्या अथेनियनांनी डेकवर अकार्नानियाचे डोंगरी भालेफेके चढवले, तेव्हा सिराक्यूजच्या मदतीला आलेला स्पार्टन सेनापती गिलिप्पोस आपल्या लोकांना धीर देताना हसला होता: या जमिनीवरच्या माणसांना बसून भाला कसा मारायचा तेसुद्धा ठाऊक नाही, ही आपलीच नाव डळमळवणार. आणि तसंच झालं. त्या बंदरात अथेनियनांनी लोखंडी आकडे आणले होते, शत्रूची नौका पकडून ठेवायला; सिराक्यूजवाल्यांनी आपल्या नौकांच्या नाळेला कातडी ताणून बसवली, आकडे घसरून जावेत म्हणून. हे सलामिसच्या सत्तर वर्षं नंतरचं, तुमच्या प्रकरणात घालू नका, पण बसण्याची सवय घाला. धडकेच्या क्षणी तुमचा नायक ढाल टेकवून, काहीतरी घट्ट धरून बसलेला हवा. उभा असेल तर धडकेने समुद्रात जाईल.

चार तिरंदाजांची जागा मी पिछाडीला, सुकाणूवाल्याजवळ धरतो. तो मेला की नौका आंधळी.

आता खालची माणसं. चाबूक आणि साखळदंड काढून टाका. ते चित्र पुष्कळ नंतरच्या युरोपी गॅलींवरून आलं आणि चित्रपटांनी घट्ट केलं. अथेन्सच्या वल्ह्यांवर मुख्यतः गरीब पण स्वतंत्र नागरिक होते, जोडीला शहरात राहणारे परदेशी. तीन रांगा: सगळ्यांत वर 62 थ्रानिताई, मध्ये 54 झुगिताई, तळाशी 54 थालामिताई. एका वल्ह्याला एकच माणूस. तळातल्याची जागा सगळ्यांत वाईट, अंधार, घाम, आणि वरच्याचं बूड तोंडासमोर. नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसने यावर एक घाण विनोद केला आहे आणि प्रेक्षक त्यावर हसले असणार, कारण त्यातले कितीतरी स्वतः तिथे बसलेले. ऑलिंपियासच्या चाचण्यांत माणशी तासाला सुमारे 1 लिटर पाणी लागलं. 170 ने गुणा, आणि मग या नौका रोज किनाऱ्याला का लागत ते कळेल.

वल्हेकऱ्याचं 'सामान' एका प्रसंगात छान दिसतं. 429 साली पेलोपोनेशियन खलाशी कोरिंथहून मेगाराच्या बंदराकडे चालत निघाले, तिथल्या 40 नौका पाण्यात ढकलून अथेन्सच्या पायरियस बंदरावर अचानक हल्ला करायला. प्रत्येकाच्या हाती तीन वस्तू: आपलं वल्हं, बसायची गादी आणि वल्हं खुंटीला बांधायची चामड्याची वादी. बस. शस्त्र नाही. म्हणूनच 425 साली पायलोसला देमोस्थेनेसला आपल्या खलाशांना लढायला उभं करताना वेताच्या विणलेल्या हलक्या ढाली द्याव्या लागल्या; त्यातल्या बऱ्याच मेसेनियन लुटारूंच्या तिथे येऊन लागलेल्या होडीतून मिळाल्या होत्या.

गुलाम अजिबात नव्हते का? होते, ठिकाणावर अवलंबून. 433 साली कोरिंथने कोर्किराच्या नौका पकडल्या तेव्हा हाती लागलेल्या 1,050 जणांपैकी 800 गुलाम निघाले. अथेन्समध्येही शेवटच्या काळातल्या एका शिलालेखात नौकांवरच्या लोकांच्या याद्या आहेत: नागरिक, परदेशी आणि मालकाच्या नावासकट गुलाम. 406 साली अर्गिनुसायच्या लढाईसाठी तीस दिवसांत 110 नौका भरायच्या होत्या, तेव्हा गुलामांना घेतलं आणि मोबदल्यात स्वातंत्र्य दिलं. साखळी तिथेही नाही. तिन्ही रांगांचा ताल जमायला माणूस मनाने सोबत लागतो. मारून मुटकून बसवलेला एक जण आजूबाजूच्या चौघांची वल्ही अडकवू शकतो.

वल्हेकरी आणि सैनिक सोडले तर उरतात ते 'हुपेरेसिया', नौकेचा खरा कणा. सुकाणूवाला 'क्युबेर्नेतेस', आपल्याकडच्या तांडेलाइतका अनुभवी. लय सांगणारा 'केल्युस्तेस', नाळेवरचा टेहळ्या, सुतार, शिडं-दोर सांभाळणारे खलाशी, आणि बासरीसारखं जोडवाद्य, औलोस, वाजवणारा 'औलेतेस'. तुम्ही ढोल वापरला आहे. तिथे औलोस आणि केल्युस्तेसची आरोळी घाला. सगळे मिळून नौकेवर 200 माणसं. वर नावापुरता कप्तान 'त्रिएरार्ख', श्रीमंत नागरिक, ज्याला वर्षभर नौकेची डागडुजी आणि बराच खर्च गळ्यात घ्यावा लागे. त्याला समुद्र कळलाच पाहिजे असं नाही. कळत नसेल तर सुकाणूवाल्याच्या हातापाया पडायचं.

भरतीकडे येतो. 480 साली अथेन्सच्या 180 नौका सलामिसला होत्या. गुणिले 200, म्हणजे 36,000 माणसं. एका शहराला हे जड होतं. म्हणून त्याच उन्हाळ्यात, सलामिसच्या आधीच्या आर्टेमिसियमच्या लढाईत, प्लातेयाचे लोक अथेनियन नौकांवर चढले, समुद्राचा गंध नसताना, आणि अथेन्सने दिलेल्या 20 नौका खाल्किसच्या लोकांनी चालवल्या. त्रोइझेनच्या शिलालेखातली पद्धत सांगायची तर नागरिकांची नावं त्यांच्या गावच्या नोंदवहीतून आणि परदेशीयांची वेगळ्या यादीतून घेऊन पांढऱ्या पाट्यांवर लिहायची, कोणत्या त्रिएरार्खला कोणती नौका ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. तुमच्या नायकाला पाटीवर आपलं नाव शोधताना दाखवा. तो होप्लाइट शस्त्रांचा खर्च झेपणाऱ्या घरचा असणार. हे बंधन पुढे सैल झालं: 415 साली सिसिलीला निघालेल्या ताफ्यावर 700 एपिबाताई सर्वांत गरीब वर्गातले होते. आणि 412 साली उलट वेळ आली, यादीतल्या होप्लाइटांना सक्तीने नौकांवर चढवावं लागलं.

पैशाचं म्हणाल तर 480 साली अथेन्सच्या अरिओपागस परिषदेने माणशी 8 द्राख्मा वाटून नौका भरल्या, असं अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरचा ग्रंथ सांगतो. पुढे दर कधी दिवसाला 1 द्राख्मा, कधी 3 ओबोल, म्हणजे अर्धा. पूर्ण दराने 200 माणसांचा महिन्याचा पगार 6,000 द्राख्मा, म्हणजे बरोब्बर 1 टॅलेंट. सिसिलीतल्या सेगेस्ता शहराने 60 नौकांसाठी 60 टॅलेंट आणून दिले ते याच हिशेबाने. पगार थकला की माणसं पळत. 362 साली अपोलोदोरोस नावाच्या त्रिएरार्खला सरकारने पाठवलेले वल्हेकरी कमी आणि कुचकामी वाटले. त्याने त्यांना घरी पाठवलं, जमीन गहाण टाकली, भरघोस उचल देऊन शहरातले उत्तम वल्हेकरी घेतले. आणि मग तेच उत्तम वल्हेकरी, आपल्याला कुठेही काम मिळेल हे ओळखून, बंदर आलं की पसार होऊ लागले. त्याच्या जागी येणारा त्रिएरार्ख पाच महिने फिरकला नाही म्हणून शेवटी प्रकरण कोर्टात गेलं. त्या भाषणामुळे आपल्याला हे सगळं कळतं. जहाजावर माणसं टिकवणं ज्याने कधी केलं आहे त्याला ते वाचताना हसावं की रडावं कळत नाही.

दोन माणसांची नावं देऊन थांबतो, दोघांचाही तुमच्या नायकाला उपयोग होईल. एक एजिनाचा पिथेअस, एपिबातेस. सलामिसच्या आधी काही आठवडे त्याची टेहळणी नौका इराण्यांनी पकडली. तो इतका लढला की अंगाची चाळण झाली. त्याच्या शौर्याने चकित होऊन इराणी सैनिकांनी त्याच्या जखमांना हिराबोळ लावला, तलम तागाच्या पट्ट्या बांधल्या आणि सगळ्या छावणीत मिरवला. सोबतचे बाकीचे मात्र गुलाम झाले. सलामिसच्या दिवशी तो एका सिडोनी नौकेवर कैदी होता आणि ती नौका ग्रीकांनी पकडल्यावर सुटला.

दुसरा स्पार्टाचा ब्रासिदास, 425 सालचा. पायलोसला किनाऱ्यावर उतरायच्या शिडीवर त्याला इतक्या जखमा झाल्या की तो शुद्ध हरपून नाळेकडे कोसळला आणि हातातली ढाल निसटून समुद्रात पडली. लाटांनी ती किनाऱ्याला आणली, अथेनियनांनी उचलली आणि विजयाच्या खांबावर लावली.

तुमचा नायक पाण्यात पडणार असेल तर हेही ठरवा. ग्रीकांना पोहता येत होतं म्हणून नौका बुडाल्या तरी ते सलामिसच्या काठाला लागले, इराण्यांकडचे बरेच बुडाले, असं हेरोडोटस म्हणतो. पण ब्राँझ डोक्यावर, सात किलोंची ढाल कोपरात अडकलेली असताना कुणालाच पोहता येत नाही. आधी हात पट्ट्यातून सोडवायचा, मग शिरस्त्राण, मग चिलखताच्या खांद्यावरच्या गाठी. ओल्या चामड्याच्या गाठी लवकर सुटत नाहीत.